'साठी बुद्धी नाठी' म्हणण्याआधी रक्तदाब मोजा

गेल्या खरिपातली गोष्ट. ऑगस्ट सुरू होता. एका गावाहून फोन आला, "साहेब, कपाशीवर कसला तरी रोग पडलाय. पानं पार आवळून गेली. लवकर या." गाडी काढली आणि गेलो. दोन एकराचा तुकडा. शेंड्याची पानं अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी बोटं फुटलेली, शिरा जाड झालेल्या. रोग कसला? टू-फोर-डी तणनाशक कपाशीला लागलं की असंच होतं, हे आमच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलं असेल म्हणून चारी बांध फिरलो. तसं काही दिसेना. मग गोठ्यात टांगलेला पंप उतरवून झाकण उघडलं. तो उग्र वास लपत नाही.

शेत आबांचं. नाव छापत नाही, कारण हा त्यांचा एकट्याचा प्रश्न नाही. वय अडुसष्ट. फवारणीची वही ठेवणारे जे चार-दोन शेतकरी मला ठाऊक आहेत, त्यांत आबा पहिले. कोणतं औषध, किती मिली, कोणत्या तारखेला, वारा कुठला, सगळं नोंदलेलं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्याला लाल चिंधी बांधा, असं मी शेतकरी मेळाव्यात सांगतो ना, ते मी आबांकडूनच शिकलो. त्या दिवशीही चिंधी पंपाला होती. तरी आबांनी तोच पंप कपाशीत नेला. मी विचारलं, "आबा, फवारणी कधी केली होती?" आबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "फवारणी? यंदा मी अजून पंप उचललाच नाही."

आठ दिवसांपूर्वी त्यांनी सहा पंप मारले होते. पाणी सुनेनं भरून दिलं होतं.

थोरला मुलगा हसला. "साठी बुद्धी नाठी, साहेब. वय झालं आता." जमलेले चार जण हसले. आबाही हसले. मग मुलानंच बोलता बोलता दोन गोष्टी सांगितल्या. तीन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं, तेव्हा आबांचा बी.पी. फार वाढलेला निघाला. गोळी दिली होती. दोन महिने घेतली, बरं वाटायला लागलं, बंद केली. आणि दुसरी गोष्ट, मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आबांच्या हातातून चहाचा कप पडला, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, बोलणं जड झालं. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. घरच्यांनी तेल चोळलं, म्हणाले, "अंगावरून जरा वारं गेलं."

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी डॉक्टर नाही. माती, बी आणि औषधाच्या बाटल्या एवढंच माझं शिक्षण. पण त्या दिवसापासून तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून विचारून आणि जे मिळेल ते वाचून एवढं पक्कं कळलं आहे की, म्हातारपणच्या पुष्कळशा विसराळूपणाची पेरणी चाळिशी-पन्नाशीतच झालेली असते आणि तिचं मोठं बियाणं म्हणजे वाढलेला रक्तदाब. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची काळजी घेणं म्हणजेच बुद्धीची काळजी घेणं. मग वयाच्या नावानं हात झटकणारी ही म्हण आपण किती दिवस उगाळायची?

ठिबकवाल्यांना हे पटकन समजेल. सेट नवा असतो तेव्हा शेवटच्या झाडापर्यंत सारखं पाणी पडतं. पण प्रेशर गेजचा काटा रोज जास्त दाखवत असेल आणि तुम्ही तिकडे बघितलंच नाही, तर काय होतं? जोड सुटतात, लॅटरल फाटते. पाण्यात क्षार असतील आणि सेट कधी धुतला नाही, तर ड्रिपर आतून धरत जातात. मोटार चालू आहे, मीटर फिरतंय, वरून सगळं ठीक, आणि टोकाच्या झाडाला थेंब नाही. झाड एका दिवसात वाळत नाही. आधी मलूल होतं, मग वाढ थांबते. आपल्या ध्यानात येतं तेव्हा हंगाम गेलेला असतो.

हृदय ही मोटार आणि मेंदू हे टेलचं रान. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. म्हणजे सगळ्यांत जास्त पाणी पिणारं पीक आपण टोकाला लावलेलं आहे. मेंदूच्या आत खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या जातात. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते, आणि एक दिवस तीळभर जागेचं रक्त थांबतं. तीळभर जागा मरते. दुखत नाही, खुपत नाही. असे बारीक झटके माणसाला कळतही नाहीत, पण दहा-पंधरा वर्षांत त्यांचा हिशेब जमा होत जातो. मग हिशेब चुकायला लागतो, निर्णय घ्यायला वेळ लागतो, केलेलं काम केलं की नाही ते आठवत नाही. स्मृतिभ्रंशाचा अल्झायमर नावाचा जो दुसरा आजार आहे त्याची कारणं वेगळी असतात, पण म्हाताऱ्या मेंदूत हे दोन्ही आजार बऱ्याचदा एकत्र सापडतात आणि एक दुसऱ्याला जोर देतो. ड्रिपर धरला तर बदलता येतो, ॲसिड सोडून धुता येतो. मेंदूतली ही वाट एकदा बुजली की बुजली.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळं शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्यांचे आजार. आम्ही राबणारी माणसं, आम्हाला कसला बी.पी.? बांधावर मला हे हमखास ऐकायला मिळतं. त्यावर मी फिनलंडची गोष्ट सांगतो. लांबची आहे, पण शेतकऱ्यांचीच आहे.

१९७२ साली आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला होता. तुमच्यातल्या जाणत्यांनी त्या साली खडी फोडली असेल, सुकडी खाल्ली असेल. त्याच वर्षी युरोपच्या उत्तर टोकाला, फिनलंड देशातल्या उत्तर कारेलिया नावाच्या जिल्ह्यात एक काम सुरू झालं. रशियाच्या सरहद्दीला लागून असलेला हा जंगलाचा, तळ्यांचा आणि छोट्या गोठ्यांचा मुलूख. माणसं दूधदुभतं करणारी, कुऱ्हाडीनं लाकूड तोडणारी. आपल्यासारखीच अंगमेहनतीची. आणि तरी हृदयविकारानं चाळिशी-पन्नाशीतले पुरुष मरण्याचं प्रमाण तिथं जगात सर्वांत वरचं होतं. लोणी, साईचं दूध, भरपूर मीठ आणि विडी-सिगारेट, असं त्यांचं रोजचं होतं. कष्टानं ते झाकलं गेलं नाही. घरटी एक तरणी विधवा दिसायला लागल्यावर लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. तिशीही न गाठलेल्या पेक्का पुस्का या डॉक्टरकडे काम सोपवलं गेलं.

त्यानं दवाखाना बांधत बसण्यात वेळ घालवला नाही. गावोगावच्या महिला मंडळांना धरलं. त्यांचा जो पिढीजात रस्सा होता त्यातच चरबी आणि मीठ कमी, भाजी जास्त, असं करून घरोघरी शिजवून दाखवलं. खेड्याखेड्यांत स्पर्धा लावल्या. आमच्या खात्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, लोण्याचा खप घटला तर दूधवाले मरतील, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. थंडीत येणारी मोहरीवर्गीय तेलबिया देशातच पिकवली आणि दुधावरच्या शेतकऱ्याला बोरीसारख्या जंगली फळांच्या लागवडीकडे वळवायला सरकारी पैसा दिला. चाळीस वर्षांत तिथल्या कर्त्या पुरुषांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. आरोग्य खातं आणि शेती खातं एका बैठकीत बसलं तर काय होतं, त्याचा हा नमुना. (आमच्याकडे अशी बैठक व्हायची तर आधी कुणाच्या कार्यालयात व्हायची यावर दोन महिने जातील, ते सोडा.)

खरी गंमत पुढे आहे. या कामासाठी १९७२, १९७७, १९८२ आणि १९८७ साली तिथल्या आणि शेजारच्या भागातल्या लोकांचा रक्तदाब आणि रक्तातली चरबी मोजून कागदावर ठेवली होती. १९९८ साली त्यांच्यापैकी १,४४९ जणांना पुन्हा बोलावलं. आता ती माणसं ६५ ते ७९ वर्षांची झाली होती. या वेळी त्यांची स्मरणशक्ती तपासली आणि जुने कागद शेजारी ठेवले. निकाल २००१ साली जाहीर झाला. ज्यांचा वरचा रक्तदाब मधल्या वयात १६० किंवा त्याहून जास्त होता, त्यांना म्हातारपणी अल्झायमर होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. चरबी फार वाढलेल्यांचंही जवळजवळ तेच. दोन्ही असतील तर तिपटीच्याही पुढे. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या रक्तदाबाच्या आकड्यात आजचा विसराळूपणा लिहिलेला होता. हृदयासाठी ठेवलेल्या नोंदवहीतून बुद्धीचा हिशेब निघाला.

आपल्या देशाचं म्हणाल, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शंभरात सात-आठ. आणि हे प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे, पुरुषांपेक्षा बायांत जास्त आहे. तेव्हा शहरातल्या खुर्चीचा मुद्दा इथंच संपला.

बरं, रक्तदाब उतरवला तर विसरणं खरंच टळतं का, की ही नुसती आकड्यांची जुळणी? शेतकऱ्यानं असंच विचारायला हवं. प्लॉट घेतल्याशिवाय आपण वाण मान्य करत नाही. तर असा प्लॉट चीनमध्ये घेतला गेला, तोही खेड्यांतच. ३२६ गावं, चाळिशीपुढची जवळजवळ ३४ हजार माणसं, सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला. निम्म्या गावांत नेहमीचंच चालू ठेवलं. उरलेल्या गावांत गावच्याच साध्या आरोग्यसेवकानं, मोठ्या डॉक्टरनं नव्हे, नेमून दिलेल्या पद्धतीनं गोळ्या दिल्या, त्या स्वस्तात किंवा फुकट पुरवल्या, घरी रक्तदाब मोजायला शिकवलं आणि पाठपुरावा केला. चार वर्षांनी मोजलं तेव्हा या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. २०२५ साली हा निकाल छापून आला. १५ टक्के म्हणजे जादू नाही. पण एखाद्या वाणानं एवढं उत्पन्न वाढवलं तर तुम्ही बियाण्यासाठी रांगा लावता की नाही?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये अशी चौदा कारणं मोजली आहेत. रक्तदाब, साखर, वाईट चरबी, तंबाखू, दारू, हालचाल नसणं, ऐकू न येणं, डोळ्यांनी न दिसणं, एकटं पडणं, डोक्याला मार लागणं वगैरे. ही सगळी सांभाळली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब आहे. उरलेले नशिबाचे म्हणा किंवा वयाचे. मोटारसायकलवर हेल्मेट न घालता पाणंद रस्त्यानं सुसाट जाणाऱ्या पोरांनी तो डोक्याच्या माराचा मुद्दा वाचावा.

दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्यानं आधी स्वतःचं सांगावं. माझं वय छत्तीस. वजन फार नाही, रोज दोन-तीन गावं फिरतो. आबांच्या प्रकरणानंतर उपकेंद्रात सहज हात पुढे केला, तर १५२/९६. म्हटलं, उन्हातून आलोय म्हणून असेल. तिथल्या ताईंनी पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजला, आठवड्यानं परत बोलावून पुन्हा मोजला. तोच. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. रक्तदाब हा मुकेपणानं वाढतो, ढोरासारखा. बोलत नाही, फक्त एक दिवस बसकण मारतो. आता गोळी चालू आहे. चहाबरोबरची फरसाणाची पुडी आणि जेवणात वरून मीठ, दोन्ही बंद. तंबाखूची पुडी मात्र सुटायला पाच महिने लागले, तेही खोटं कशाला सांगू.

गोळीबद्दल गावात एक भीती आहे, "एकदा लागली की जन्माची लागते." चष्माही एकदा लागला की जन्माचा लागतो, म्हणून कुणी अंधारात चाचपडत राहत नाही. बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं म्हणजे गेजचा काटा खाली आला म्हणून रेग्युलेटरच काढून ठेवणं. काटा गोळीमुळेच खाली आलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात. कधी साठा संपतो, आमच्या भागात एका केंद्रावर लोकांनी दोनदा हेलपाटे मारले, मग सोडूनच दिलं. अशा वेळी सोडायचं नाही, सरपंचांनी तालुक्याला फोन करायचा. युरियाची गाडी आली नाही तर करताच ना? आणि डॉक्टरांना न विचारता शेजाऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही. दोन पिकांना एकच औषध चालत नाही.

आता मुद्द्याची सूचना, आणि ही ग्रामपंचायतीनं, सोसायटीनं, दूध डेअरीच्या सचिवांनी मनावर घ्यावी. सकाळी डेअरीवर सगळं गाव रांगेत उभं असतं. म्हशीच्या दुधाची फॅट पॉइंटानं कमी लागली तर तुम्ही मशीनवर भांडता. रोज फॅट मोजता, एसएनएफ मोजता, आणि धारा काढणाऱ्या माणसाचा दाब वर्षातून एकदाही मोजत नाही. डेअरीच्या ओट्यावर एक बाकडं टाका. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल यंत्र दोनेक हजारांत येतं, मनगटावरचं घेऊ नका. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, बाया असोत की पुरुष, महिन्यातून एकदा तिथं बसावं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला आधारावर, तोंडानं बोलणं बंद. वहीत आकडा लिहायचा. १४०/९० किंवा वर असेल तर घाबरायचं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजून तसाच आला तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जायचं. फवारणीहून आलेल्या माणसाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होत असेल तर त्याला मात्र या बाकड्यावर बसवू नका, सरळ दवाखान्यात न्या. ते वेगळं दुखणं.

एका गावात हे करून पाहिलं. पहिल्याच सकाळी जो म्हणत होता, "मला काही होत नाही, आधी म्हाताऱ्यांचा बघा," तो एक्केचाळीस वर्षांचा ट्रॅक्टरवाला १७० च्या वर निघाला. त्याचे वडील १३० ला होते.

म्हाताऱ्यांचा बघा, हीच चूक होते. सत्तरीत रक्तदाब सांभाळावा लागतोच, झटका टळतो. पण बुद्धी राखायची खरी संधी चाळीस ते साठमध्ये आहे. आणि त्या वयात आपण काय करतो? ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, मोटार मोबाइलवर चालू होते. बापानं जेवढी पायपीट केली त्याच्या निम्मीही आपण करत नाही, आणि मीठ मात्र बापाइतकंच खातो, नव्हे जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाकरीतलं, कालवणातलं, ठेच्यातलं, लोणच्यातलं, पापडातलं सगळं आलं. लोणच्याची फोड रोज दोन्ही वेळेला, हे आधी आठवड्यावर आणा. कढईतलं एकच तेल तळून तळून काळं होईपर्यंत वापरू नका. बायांची मिश्री हा तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे. घरात हे बदल करणारी माऊलीच असते, म्हणून बचत गटाच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. उत्तर कारेलियात काम त्यांनीच तडीस नेलं.

एक सावधगिरी. विसरला म्हणजे स्मृतिभ्रंशच असं नाही. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे सगळ्यांचं होतं. रोजच्या रानातून घरची वाट सापडत नाही, दिवस-महिना कळत नाही, पैशाचा साधा व्यवहार जमत नाही, हे वेगळं. आणि काही विसरणं तर बरं होणारं असतं. माळकरी, पक्के शाकाहारी लोकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं, थायरॉइड बिघडतं, मन खचलेलं असतं, ऐकूच येत नसतं. यावर उपाय आहेत. तेव्हा आधी दवाखाना, मग म्हण. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरून घेतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? पोरं दारातूनच सांगतात, "नाही नाही, तसलं काही नाही." लाजू नका. वेड लागलंय असं कुणी लिहीत नाही.

आणि तोंड वाकडं होणं, हातातली वस्तू पडणं, बोलणं जड होणं, हे "वारं" नाही. अर्ध्या तासात बरं झालं तरी नाही. तो मेंदूचा झटका आहे, किंवा मोठ्या झटक्याची आगाऊ नोटीस आहे. तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. त्यातले दोन तास मांत्रिकाकडे गेले की खेळ संपला.

ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि पोलीस पाटलांना एक वेगळी विनंती. गावातली निम्मी जमीन अजून म्हाताऱ्यांच्या नावावर आहे. आता शेतकरी ओळख क्रमांक आला, ई-केवायसी आली, मोबाइलवर ओटीपी येतो. विसरणाऱ्या माणसाचा अंगठा आणि ओटीपी कुणाच्या हाती पडतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा करार कायद्यानं टिकत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलं आहे. पण गावात दस्त आधी होतो आणि भांडण दहा वर्षांनी. म्हाताऱ्याच्या नावचं बक्षीसपत्र किंवा हक्कसोड फेरफाराला आलं, तर चार मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला. आजचा वार विचारा, गट नंबर विचारा, शेजारी कोण ते विचारा. आणि म्हाताऱ्या मंडळींना सांगा की जमीन लेकरांच्या नावावर करताना "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात घाला. तशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रांतांकडे दाद मागता येते.

विसरण्याची किंमत औषधाच्या बिलात मोजता येत नाही. आबांना बहात्तरचं धरण कोणत्या नाल्यावर प्रस्तावित होतं ते माहीत, कोणत्या विहिरीला मार्चमध्ये खारं पाणी लागतं ते माहीत, कोणत्या पट्टीत तूर उबळते ते माहीत. आमच्या खात्याच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत यातलं काही नसतं. अशी एकेक वही गावागावांतून कोरी होत चालली आहे.

आबांना त्या आठवड्यातच तालुक्याला नेलं. रक्तदाब १७८/१००, साखरही थोडी वाढलेली, बी-१२ कमी. डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं, गेलेलं सगळं परत येणार नाही, पण आहे ते धरून ठेवता येईल. गोळ्या सुनेनं हातात घेतल्या. फवारणी धाकट्याकडे दिली. तणनाशकाचा पंप वेगळ्या खोलीत कुलपात गेला. कपाशीचं मात्र व्हायचं ते झालं, दोन एकरांत चार क्विंटल.

मागच्या पंधरवड्यात गेलो होतो. आबा ओट्यावर बसले होते. मला ओळखलं, गाव विचारलं, चहा सांगितला. मग आतून वही मागवली. अक्षर आता सुनेचं आहे. वरच्या अर्ध्या पानावर औषध, मिली, तारीख, वारा, पहिल्यासारखंच. खालच्या अर्ध्यात आबांचा सकाळचा रक्तदाब. त्या दिवशीचा १३४/८४ होता. मी वाचत होतो तेवढ्यात आबा म्हणाले, "तुमचा किती, साहेब?" मी सांगितला. त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझाही त्याच पानावर लिहून घेतला.